ताडोबाला जाताय? मग एवढं ध्यानात ठेवा!

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय – सुट्टीत जायचं कुठं? मैत्रिणींनो, यंदा चंद्रपूरकडचं ताडोबा मनात धरा. १९५५ साली झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. नाव पडलं ते गोंडांच्या तारू या देवावरून. हा तारू मूळचा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, अशी आख्यायिका आहे. तळ्याकाठी त्याचं देऊळ आहे आणि तळ्यात मगरी!

‘वाघ दिसला नाही तर पैसे फुकट’ हे मुलांच्या (आणि त्यांच्या बाबांच्याही!) डोक्यातून आधीच काढून टाका. त्यापेक्षा त्यांना कान द्यायला शिकवा. वानरं खाकरू लागली, सांबर एकदम ओरडलं, की वाघ किंवा बिबट्या जवळपास आहे असं समजावं. धुळीतला पंजा चौकोनी असेल तर बहुधा नर, लांबट असेल तर मादी.

उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून दिसतात जास्त. मंगळवारी मात्र उद्यान बंद असतं, आणि पावसाळ्यात मुख्य जंगलही. कपडे मातकट रंगाचे घ्या, धुळीसाठी एक जुनी ओढणी असू द्या. अत्तर नि गजरा घरीच बरा!

आपल्याला हे जंगल हौसेचं. तिथल्या बाईला ते पोटाचं. चैत्रात भल्या पहाटे ती मोहाची फुलं वेचते, वैशाखात तेंदूची पानं तोडते. याच पानांच्या विड्या पुढं सोलापूरसारख्या गावी बायकाच वळतात. वाकून काम करणारं माणूस वाघाला जनावरासारखं भासू शकतं. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातच, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ वाढले याचा आनंद आपल्या सगळ्यांना. पण त्याची किंमत मोजतात त्या या घरातली माणसं. मुलांना वाघ दाखवाल, तेव्हा हेही सांगा.

आता आसपासच्या गावांतल्या बायकाही इथं गाइड म्हणून काम करतात बरं का! अशी कुणी भेटली तर तिच्याशी चार गोष्टी जरूर बोला. वाघ कुठं दिसतो हे ती सांगेलच, पण त्याच्या शेजारी संसार कसा करायचा, हेही तिच्याकडूनच कळेल.