पिपातले तेल आणि कागदावरचे नाव

गेल्या वार्षिक सभेत तेलाच्या बिलावरून एका सभासदाने प्रश्न टाकला. "बाजारात फॉरेनचं टर्बाईन तेल स्वस्तात मिळतंय म्हणत्यात, मग आपला कारखाना जादा पैसे का मोजतोय?" प्रश्न रास्त होता. सभेत उत्तर दोन वाक्यांत आटोपले, म्हणून येथे आम्ही जरा सविस्तर लिहीत आहोत.

टर्बाईनचे, गिअरचे, ट्रान्सफॉर्मरचे, ही सगळी खनिज तेलेच. पण एकाचे काम दुसरे करीत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ओल शिरली की वीज अडवण्याची त्याची ताकद घटते. टर्बाईनच्या तेलातून पाणी चटकन वेगळे झाले नाही तर बेअरिंगवर बेतते. आणि ऐन गळितात टर्बाईन थांबले म्हणजे तोडलेला ऊस गाडीतळावर वाळत उभा! ती वजनाची घट कोणाच्या पदरात पडते, हे सभासदांना सांगायला नको.

पूर्वी १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परदेशी मालासाठी परवान्याचे दार ठोठवावे लागे. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानंतर तो जाच पुष्कळ कमी झाला. आता वंगणाचे मूळ तेल, म्हणजे बेस ऑईल, आणायला वेगळा परवाना लागत नाही. आयातदाराचा संकेतांक क्रमांक मात्र हवा. हायस्पीड डिझेलचे तसे नाही. ते आणण्याचा अधिकार ठरावीक तेल कंपन्यांपुरताच आहे. त्यामुळे माल कोणत्या नावाने उतरतो, यावर सगळा खेळ आला. कस्टमच्या सूचीत खनिज तेले २७ व्या प्रकरणात, २७१० या शीर्षाखाली येतात. वंगणात खनिज तेल वजनाने ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते ३४०३ खाली जाते. २०११ पासून शुल्काचा हिशेब आधी आयातदारानेच मांडायचा असतो. शंका आली तर अधिकारी नमुना प्रयोगशाळेत धाडतात.

ही शंका किती खरी ठरू शकते ते न्हावा-शेवा बंदरात दिसले. वंगण तेल म्हणून आलेल्या १३३ कंटेनरांत घातक टाकाऊ तेल निघाले. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून टाकण्याचा हुकूम दिला. उलट कांडल्याला बेस ऑईल म्हणून उतरलेला माल डिझेल आहे असे ठरवून जप्त झाला, तेव्हा २१ कसोट्यांपैकी १४ च तपासल्या गेल्या होत्या. तो माल डिझेलच होता हे सिद्ध झाले नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला. संशय घ्यायचा तर कसोटीही पुरी लावावी लागते, ती खात्यानेही आणि आम्हीही.

दोन हंगामांपूर्वी आमच्याकडेही एका व्यापाऱ्याची 'इम्पोर्टेड' पिपे येऊन पडली होती. भाव झकास, रंग काचेसारखा. स्टोअरकीपरनी बिल ऑफ एंट्रीची प्रत आणि आयएस १०१२ प्रमाणे तपासणीचा दाखला मागितला. "उद्या आणून देतो," म्हणून गृहस्थ गेले ते फिरकले नाहीत. हंगाम तोंडावर आलेला, तरी चीफ इंजिनिअर साहेबांनी एकही पीप उघडू दिले नाही. अखेर आम्हीच पिपे परत धाडली. ट्रकचे भाडे कारखान्यालाच सोसावे लागले, आणि सभेत ज्या बिलाची चर्चा झाली त्यात तेही धरलेले आहे.