पेन्शनराचा वेळ

महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांत ३१ मे या तारखेस निरोपसमारंभांची जी गर्दी होते तिचें कारण मोठें गमतीचें आहे. ज्या मुलांची जन्मतारीख घरांत कोणालाच नक्की सांगतां येत नसे त्यांचें नांव शाळेंत घालतांना गुरुजी १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. वयाची मर्यादा ज्या महिन्यांत पुरी होते त्याच्या अखेरच्या दिवशीं नोकर निवृत्त होतो, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा तो आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळें गुरुजींनीं पन्नास वर्षांपूर्वीं सोयीसाठीं केलेली ती नोंद शेंकडों माणसांना एकाच सायंकाळीं शाल आणि श्रीफळ देऊन घरीं पाठविते. समारंभांत भाषणें होतात, दीर्घायुष्य चिंतिलें जातें, फोटो निघतो. पुढील आयुष्यांत त्या गृहस्थानें सकाळीं दहा ते सायंकाळीं सहा या वेळेंत काय करावें, याविषयीं मात्र कोणी अवाक्षर काढीत नाहीं.

निवृत्तीचें वय हें निसर्गानें ठरविलेलें नाहीं. तें सरकारांनीं ठरविलें आहे. जर्मनीनें १८८९ सालीं वृद्धांच्या विम्याचा कायदा केला तेव्हां सत्तर ही मर्यादा घातली, आणि १९१६ सालीं ती पांसष्टावर आणली. इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांच्या गरीब माणसाला आठवड्याला पांच शिलिंग देऊं केले. हिंदुस्थानांत सरकारी नोकराचें पंचावन्न वय झालें कीं तो घरीं जाई. केंद्र सरकारनें ही मर्यादा १९६२ मध्यें अठ्ठावन व १९९८ मध्यें साठ केली. महाराष्ट्र राज्याच्या बहुतेक नोकरांना त्यानंतरहि दीर्घकाळ अठ्ठावनाचाच नियम लागू राहिला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षीं उतरतो आणि सर्वोच्च न्यायालयाचा पांसष्टाव्या. म्हणजे तीच दृष्टि आणि तीच स्मरणशक्ति एका इमारतींत म्हातारी ठरते व दुसऱ्या इमारतींत ऐन भरांत समजली जाते. अठ्ठावनाव्या वर्षीं ज्याला आपण संपलों असें वाटूं लागतें त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट आयुर्मानाची. स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास या देशांतील माणसाचें सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतें; आतां तें सत्तरीच्या घरांत आलें आहे. जुन्या आंकड्याचा अर्थ सर्वच माणसें तिशींत मरत असा नव्हे. बालमृत्यु इतके होते कीं त्यांनीं सरासरी खालीं ओढली होती. तथापि साठी गांठणारे थोडे आणि साठीनंतर दीर्घकाळ जगणारे त्याहूनहि थोडे, ही वस्तुस्थिति होती. आज साठीला पोंचलेल्या माणसापुढें सरासरीनें आणखी सतरा-अठरा वर्षें असतात. कचेरी आणि तिचा प्रवास मिळून रोजचे दहा तास जात असें धरलें, तर वर्षाचे तीनशें दिवस आणि अठरा वर्षें, या हिशेबानें सुमारें ५४,००० तास मोकळे होतात. पस्तीस वर्षांच्या नोकरींत रोज आठ तासांप्रमाणें प्रत्यक्ष काम झालें तें ८४,००० तासांचें. हा उरलेला काळ म्हणजे शेंपूट नव्हे. नोकरीच्या निम्म्याहून अधिक लांबीचा दुसरा कारभारच तो आहे.

या मोकळ्या वेळाचा पहिला धक्का कसा बसतो याचें चोख वर्णन इंग्रज निबंधकार चार्लस् लँब यानें करून ठेविलें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत १७९२ पासून तेहतीस वर्षें त्यानें कारकुनी केली, आणि १८२५ सालीं चांगलें पेन्शन घेऊन तो सुटला. त्याच वर्षीं लिहिलेल्या निबंधांत त्यानें आपली तुलना बास्तीयच्या तुरुंगांतून अकस्मात् सुटलेल्या कैद्याशीं केली आहे: इतका वेळ हातीं आला कीं तो कसा सांभाळावा हेंच त्याला कळेना. जुन्या मित्रांना भेटावयास तो कचेरींत गेला, तों त्याचें मेज आणि टोपी अडकविण्याची खुंटी हीं दोन्ही दुसऱ्याकडे गेलेलीं. निबंधाच्या अखेरीस तो आपल्या निरुद्योगीपणाबद्दल मोठी प्रसन्नता दाखवितो. परंतु चार वर्षांनीं एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत, काम नसणें हें अतिकामापेक्षांहि वाईट, अशी कबुली त्यानें दिली आहे. निबंध पहिल्या उत्साहांत लिहिलेला, पत्र अनुभवाअंतीं. तेव्हां पेन्शनरानें विश्वास ठेवावयाचा तो पत्रावर.

असें कां व्हावें? कचेरीविषयीं कुरकुर करण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसालाहि तिची उणीव भासते, कारण पगाराखेरीज कचेरी आणखी पुष्कळ कांहीं देत असते, आणि तें पगारपत्रकावर लिहिलेलें नसतें. ती सकाळीं उठवते. सोमवार आणि रविवार यांत भेद ठेवते. न निवडलेल्या माणसांची सोबत देते. त्यांतील अर्धीं माणसें त्रासदायक असतात हें खरें, पण त्यांच्या तक्रारी सांगण्यांतहि सायंकाळ सुखाची जाते. आणि सर्वांत मोठें देणें हें, कीं आपण न गेल्यास कोणाचें तरी काम अडेल, अशी खात्री ती देते. १ जूनच्या सकाळीं ही खात्री नाहींशी होते. वर्तमानपत्र एकदां वाचून होतें, पुन्हां वाचून होतें, आणि घड्याळांत अजून साडेनऊच वाजलेले असतात.

त्यानंतर गृहस्थाची दृष्टि घराकडे वळते, आणि येथून खऱ्या अडचणीला सुरुवात होते. तीस-पस्तीस वर्षें दहा ते सहा या वेळेंत तें घर त्याच्याविना चाललेलें असतें. डबे कोठें असावेत, मोलकरणीशीं किती बोलावें, दुपारीं कोणती शेजारीण येऊन बसावी, याचा एक कायदा तेथें रूढ झालेला असतो. आणि तो गृहिणीनें केलेला असतो. अशा राज्यांत एक अनुभवी हेडक्लार्क अचानक मुक्कामास येतो आणि तपासणी सुरू करतो. डाळ अमक्या दुकानांत स्वस्त मिळते, गॅस मोठा ठेवला आहे, दार वाजलें तें कोण होतें. हेतु चांगला असतो. परिणाम असा होतो कीं त्या बाईला स्वतःच्या घरांत मन मोकळें करावयास जागा उरत नाहीं. पुष्कळ घरांतून पेन्शनीच्या पहिल्या वर्षांत जो अबोला शिरतो त्याचें मूळ पैशांत नसून या दुपारच्या वेळांत असतें. यावर उपाय एकच दिसतो. गृहस्थानें घरांतील एखादें काम, सकाळचा चहा म्हणा, भाजी म्हणा, पूर्णपणें आपल्याकडे घ्यावें. त्यांतील आंबट-गोड स्वतः सोसावें. आणि उरलेल्या कामांना हात लावूं नये व सूचनाहि करूं नयेत. शिवाय दिवसांतील तीन-चार तास त्यानें घराबाहेर असावें. तो नियम त्याच्या प्रकृतीसाठीं जितका आहे तितकाच तिच्या विश्रांतीसाठींहि आहे, कारण तिला निवृत्तीचा हुकूम कोणी कधीं काढलेला नाहीं.

नोकरी केलेल्या स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून तीस वर्षें काढून जी बाई घरीं येते तिला मोकळा वेळ दिसण्यापूर्वींच त्याची वांटणी झालेली असते. सुनेची नोकरी आहे, नातवंडें लहान आहेत, आणि आई आतां घरींच आहे! नातवंडांचा सहवास हें मोठें सुख आहे यांत शंका नाहीं. पण विचारून घेतलेलें काम आणि गृहीत धरलेलें काम यांत आनंद आणि वेठ इतकें अंतर पडतें. मुलांनीं आईला ती पेन्शनीवर येण्यापूर्वीं सहा महिने आधीं प्रश्न विचारावा, आणि तिनें दिलेलें उत्तर नाहीं असें असल्यास तें ऐकून घ्यावें.

पैशासंबंधीं थोडकेंच सांगणें पुरे. केंद्राच्या नियमांनुसार पेन्शनीचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेतां येतात आणि पंधरा वर्षांनीं तो भाग पुन्हां सुरू होतो. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या व १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्राच्या नोकरींत आलेल्यांना जुन्या पद्धतीऐवजीं वर्गणीची पद्धत लागू झाली, आणि केंद्रानें १ एप्रिल २०२५ पासून तिच्या जोडीला खात्रीच्या पेन्शनीची आणखी एक योजना आणली. कोणतीहि पद्धत असो, हातीं आलेल्या रकमेची पहिल्या वर्षांतच मुलाच्या जागेंत किंवा भाच्याच्या धंद्यांत विल्हेवाट लावणें धोक्याचें. ज्याच्या हातीं कांहीं राहिलें नाहीं त्याच्या वेळाला घरांत किंमत राहात नाहीं, हें कटु असलें तरी खरें आहे.

जुन्या शास्त्रकारांनीं या वयाचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुरकुत्या, पिकलेले केंस आणि नातू हीं तीन चिन्हें दिसलीं कीं गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. पत्नीला मुलांकडे ठेवावें अथवा बरोबर न्यावें, अशी मोकळीकहि तेथें आहे. वनांत गेल्यावर आळस सांगितलेला नाहीं. नित्यकर्में तशींच चालू ठेवावयाचीं आहेत. यांत वनापेक्षां किल्ल्यांचा जुडगा खालीं ठेवण्याला अधिक महत्त्व आहे. आज वन कोणाला नको आहे, परंतु किल्ल्या न सोडण्याचा आग्रह मात्र पुष्कळांना सुटत नाहीं.

महाराष्ट्रांत निवृत्तीनंतरचा काळ ज्यांनीं सत्कारणीं लावला अशांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचें उदाहरण फार बोलकें आहे. बडोद्याच्या महाराजांच्या नोकरींत ते १८८९ मध्यें शिरले आणि १९२५ मध्यें साठाव्या वर्षीं निवृत्त होऊन कामशेत येथें राहूं लागले. पुढें पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील हजारों रुमाल चाळून त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधींत त्यांनीं प्रसिद्ध केले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड १९४६ ते १९४८ मध्यें, म्हणजे ऐंशी उलटल्यावर, बाहेर काढले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्यें डेक्कन कॉलेजांतून निवृत्त झाले; वैष्णव व शैव पंथांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ सालचा, शहात्तराव्या वर्षाचा. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१४ मध्यें फर्ग्युसन कॉलेज सोडलें. महिला विद्यापीठ निघालें तें १९१६ मध्यें, एकाहत्तराव्या वर्षीं ते परदेशच्या दौऱ्यावर गेले, आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें तें १९३६ मध्यें. १९५८ सालीं भारतरत्न मिळालें तेव्हां त्यांच्या आयुष्याचीं शंभर वर्षें भरलीं होतीं.

या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. तिघांपैकीं कोणीहि पेन्शनीनंतर नवा छंद शोधावयास निघाला नाहीं. सरदेसायांची 'रियासत' राजपुत्रांना शिकवितां शिकवितां सुरू झाली होती. कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला तो १८९६ मध्यें, कॉलेजांतील गणिताचे तास सांभाळून. पेन्शनीनें त्यांना काम दिलें नाहीं. अर्धवट वेळांत चाललेल्या कामाला पूर्ण वेळ दिला. म्हणून साठाव्या वर्षीं काय करावें हा प्रश्न खरें पाहतां पन्नासाव्या वर्षाचा आहे. त्या वयांत रविवारचे दोन तास ज्या गोष्टीला आपण होऊन दिले जातात तीच बहुधा पुढें टिकते. सवड मिळाल्यावर सतार शिकूं, असें म्हणून पंचवीस वर्षें ठेवलेली सतार सवडीनंतरहि भिंतीवरच राहते.

पण हीं झालीं थोरांचीं नांवें. मामलेदार कचेरींतील कारकून किंवा पोस्टांतील मास्तर म्हणेल कीं माझ्याजवळ अशी विद्या कोठली? हा विनय चुकीचा आहे. कागद वाचून त्यांत काय मागितलें आहे तें समजणें, अर्ज कोणत्या मेजावर अडला असेल तें ओळखणें, दोन ओळींत नेमकें उत्तर लिहिणें, हें कसब तीस वर्षांत हाडींमाशीं भिनलेलें असतें व शेजारच्या दहा घरांत तें कोणाजवळहि नसतें. पति वारल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद घेऊन हिंडणाऱ्या बाईला त्याच्या एका सकाळीनें जें साधेल तें शंभर सांत्वनांनीं साधणार नाहीं. सहकारी गृहरचना संस्थेचे हिशेब, नोव्हेंबरांत पेन्शनरांना द्यावे लागणारे हयातीचे दाखले, नगरपालिकेच्या शाळेंतील पोरांचें गणित, वाचनालयांतील फाटक्या पुस्तकांची यादी, अशीं कामें प्रत्येक पेठेंत पडलेलीं आहेत. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें आणि ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. अशा संस्था वर्षानुवर्षें चालतात त्या पगारी नोकरांइतक्याच वेळेवर येणाऱ्या अवैतनिक माणसांमुळें. ज्याला जुन्या कागदांची आवड आहे त्यानें मोडी शिकावी. लिपि कांहीं महिन्यांत हातीं येते, आणि घरच्याच ट्रंकेंत वाचावयाला पुष्कळ निघतें.

काम निवडतांना एक कसोटी लावावी: आज आपण गेलों नाहीं तर कोणी वाट पाहील काय? पत्ते, दूरदर्शन आणि मोबाइलवरील निरोप यांना ही कसोटी लागत नाहीं, म्हणून त्यांनीं वेळ जातो पण दिवस भरत नाहीं. त्यांचा त्याग करावा असें नव्हे. जेवणांत लोणचें असतें तितपत तीं असावींत. उलट टोंकालाहि जाऊं नये. कित्येक गृहस्थ पहिल्याच महिन्यांत पांच संस्थांचीं चिटणिसपदें पत्करतात आणि वर्षअखेर सर्वांशीं भांडून घरीं बसतात. पहिले चार-सहा महिने एकच बांधिलकी, तीहि आठवड्यांतून दोन दिवसांची, इतकेंच ठेवणें इष्ट.

वय वाढतें तसें कामानें आटतां आलें पाहिजे, हेंहि आरंभींच पाहावें. गड चढणारा मंडळाचा नकाशा काढूं शकतो. शिकविणारा घरीं दोन मुलें बोलावूं शकतो. डोळे मंद झालेला वाचून घेऊं शकतो. पुण्यास पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळीं चढणारे पेन्शनर पुष्कळ आहेत. ज्याचे गुडघे ऐकेनासे होतात तो प्रथम अर्ध्यावर थांबतो, मग खालच्या पायरीशीं बसतो, आणि वरून उतरणारी मंडळी त्याच्यापाशीं थांबून आदल्या दिवशींचा वाद पुढें चालू करतात.