छत्तीस वर्षांचं दुकान आणि भाच्याचं कपाट

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात मराठी माणूस जातो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर जवळचं कुणीतरी नोकरीच्या निमित्तानं तिथं स्थायिक झालेलं असतं, नाहीतर ‘रंगशंकरा’! शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी २००४ साली उभं केलेलं हे नाट्यगृह. या दोघांचंही मुंबईच्या मराठी रंगभूमीशी जुनं नातं. मीही ताईकडे गेले होते ती तिथलं नाटक बघायलाच. पण गप्पा रंगल्या त्या भाच्याच्या खोलीत, एका काचेच्या कपाटापुढे.

हे कपाट खरं तर ताईनं कपबशांसाठी घेतलेलं. आता त्यात रंगीबेरंगी खोकी ओळीनं मांडलेली. खोक्यांत डिस्क आणि डिस्कवर जपानी चित्रमालिका.

‘‘कार्टूनं एवढी जपून ठेवलीस होय रे?’’ मी विचारलं.

‘‘कार्टून नाही गं मावशी, ॲनिमे!’’ भाच्यानं लगेच दुरुस्ती केली. ‘‘अमेरिकेतल्या काकानं एकेक करून आणलीत. ज्या दुकानातून आणली, ते दुकान आता नाही.’’

हे शेवटचं वाक्य त्यानं अशा सुरात म्हटलं, की जणू घरातलंच कुणी गेलं! एकोणीस वर्षांच्या मुलाला सातासमुद्रापलीकडच्या एका दुकानाचं एवढं काय वाटावं? म्हणून त्या दुकानाचा माग काढला.

मक्याच्या मुलखातलं दुकान

ॲनिमे म्हणजे जपानी पद्धतीचा चित्रपट किंवा चित्रमालिका. आपल्याला ती वाटते तेवढी परकी नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ज्या मोगलीनं घराघरांतली पोरं टीव्हीपुढे बसवली, ती मालिका मूळची जपानीच. डोरेमॉन आणि शिनचॅन तर आजही आपल्या मुलांच्या ताटाशेजारी बसलेले असतात.

भाच्याच्या त्या दुकानाचं नाव ‘राइट स्टफ’. अमेरिकेतलं आयोवा राज्य म्हणजे मक्याची शेतं आणि छोटी छोटी गावं. तिथल्या डि मॉइन शहरात शॉन क्लेकनर, रॉबर्ट फर्सन आणि टॉड फर्सन या तिघांनी १९८७ साली व्हिडिओ निर्मितीचा उद्योग सुरू केला. पुढे त्यांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ या जपानी मालिकेच्या व्हिडिओ कॅसेट अमेरिकेत काढल्या. ओसामु तेझुका यांची ही मालिका जपानमध्ये १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली होती. (याच तेझुकांनी गौतम बुद्धांचं चरित्र चित्रकथेत मांडलं. ‘बुद्ध’चे ते खंड भारतातही प्रसिद्ध झाले आहेत.)

पण आपली कॅसेट काढून भागणार नव्हतं. इतर कंपन्यांचा मालही ठेवायला हवा होता. इथं या धंद्यातली मेख लक्षात घ्या. कोपऱ्यावरचा दुकानदार जे खपतं तेच ठेवणार. हजार घरांच्या गावात ॲनिमेचा वेडा एखादाच असणार. त्याच्यासाठी फळी कोण अडवून ठेवील? पण अशा हजार गावांतले हजार वेडे एकाच यादीत आले, तर त्यांच्यावर एक दुकान सहज चालतं. ‘राइट स्टफ’नं नेमकं तेच केलं. छापील यादी घरी पाठवायची, मागणी घ्यायची आणि माल टपालानं धाडायचा.

हा छंद तेव्हा स्वस्त मुळीच नव्हता. जेमतेम दोन भागांच्या कॅसेटला पंचवीस-तीस डॉलर पडत. त्यातही मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं अशी कॅसेट घ्यावी, तर ती इंग्रजी आवाजातल्या कॅसेटपेक्षा महाग! कारण तिच्या प्रती कमी खपत. तरीही पोरं खाऊचे पैसे साठवून ती घेत.

मोठी झाडं पडली, झुडूप टिकलं

पुढे कॅसेट गेली, डिस्क आली. एका डिस्कवर चार-पाच भाग मावू लागले, दोन्ही भाषाही एकत्र आल्या. धंदा एवढा वाढला, की मॉलमधल्या मोठ्या दुकानांनीही ॲनिमेसाठी स्वतंत्र फळ्या लावल्या. त्यांतली ‘म्युझिकलँड’ ही साखळी ‘बेस्ट बाय’ या बड्या कंपनीनं २००१ मध्ये ६८ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. अवघ्या दोन वर्षांत, २००३ मध्ये, रोख एक पैसाही न घेता ती दुसऱ्याच्या हवाली केली! जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँडनं दिवाळखोरी जाहीर केली.

दुकान बुडालं की माल पुरवणाऱ्याचेही पैसे अडकतात. शिवाय इंटरनेटवर त्याच मालिका चोरून फुकट दिसू लागल्या होत्या. २००७ मध्ये ‘जेनिऑन’नं अमेरिकेतला कारभार आवरला. २००९ मध्ये ‘सेंट्रल पार्क मीडिया’ बुडाली, तर ‘एडीव्ही’नं आपली मालमत्ता विकून टाकली. ही सगळी ॲनिमेच्या जगातली नामांकित नावं.

आपल्याकडेही वेगळं घडत नव्हतं. मुंबईच्या काळा घोडा भागातलं ‘ऱ्हिदम हाउस’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा कितीजण हळहळले! ॲनिमेसाठीच २००४ मध्ये भारतात आलेली ‘ॲनिमॅक्स’ वाहिनीही २०१७ मध्ये टीव्हीवरून गेली.

या पडझडीत आयोवातलं टपालाचं दुकान मात्र उभं राहिलं. मॉलचं भाडं नाही, आणि गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं, हे पक्कं ठाऊक. छापील यादीची जागा संकेतस्थळानं घेतली, एवढाच काय तो फरक. अनेक कंपन्यांच्या डिस्क आणि पुस्तकं तिथं एका छताखाली मिळत. भाच्याचा काका तिथूनच मागवायचा.

तोटा झाला म्हणून नव्हे...

मग हे दुकान गेलं कसं? ते दिवाळखोरीत गेलं नाही. ते विकत घेतलं गेलं!

इंटरनेटवर वर्गणी घेऊन ॲनिमे दाखवणारी ‘क्रंचीरोल’ ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तिथं परवानगी नसलेल्या मालिकाही चालत. २००९ पासून ती रीतसर हक्क घेऊ लागली. २०२१ मध्ये जपानच्या सोनीनं ती सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. तिच्या हातात मालिका होत्या, प्रेक्षक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिनं ‘राइट स्टफ’ही घेतलं. १० ऑक्टोबर २०२३ रोजी त्या दुकानाचं संकेतस्थळ क्रंचीरोलच्या दुकानात विलीन झालं. छत्तीस वर्षांची पाटी उतरली.

माल आजही मिळतो. गेलं ते सर्वांचा माल विकणारं, पण कुणाच्याच दावणीला न बांधलेलं दुकान.

‘कायमचं’ म्हणजे किती दिवस?

‘‘पण आता सगळं फोनवर दिसतं ना? मग डिस्क कशाला हव्यात?’’ ताईचा रोकडा सवाल.

तिचं चुकत नाही. पूर्वी ॲनिमे बघायला अमेरिकेत काका असावा लागे. काकानं आणलेली डिस्क आपल्या यंत्रावर चालेलच असंही नाही. अमेरिकी डीव्हीडीचा विभाग पहिला, भारताचा पाचवा. संगणकावर हा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा! याउलट, २०२२ मध्ये क्रंचीरोलनं भारतातली वर्गणी महिना ७९ रुपयांवर आणली. हिंदी, तामिळ आणि तेलुगू आवाजही आले. दूरच्या गावातल्या मुलालाही हे जग खुलं झालं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. ‘फनिमेशन’ ही सोनीच्याच घरातली ॲनिमे कंपनी. तिच्या डिस्कसोबत एक कोड मिळे. तो भरला, की त्या मालिकेची प्रत आपल्या खात्यात जमा होई. ‘कायमची’, असं सांगितलं जाई. २ एप्रिल २०२४ रोजी ती सेवा बंद झाली आणि लोकांच्या खात्यांतल्या त्या प्रतीही गेल्या. ज्यांच्या कपाटात डिस्क होती, त्यांच्याकडे मालिका राहिली.

म्हणजे वर्गणी हे भाडं आहे. भाडं द्यायला हरकत नाही. अर्धं जग भाड्याच्याच घरात राहतं. फक्त भाड्याला मालकी समजू नये. घरात एखादी गोष्ट मुलाच्या जिवाभावाची असेल, मग ते पुस्तक असो, गाणं असो की मालिका, तर तेवढी एक तरी विकत घेऊन कपाटात ठेवावी.

निघताना भाच्यानं कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक दोनशे पानी वही काढली. कोणत्या मित्रानं कोणती डिस्क कधी नेली, कधी परत केली, याची त्यात तारीखवार नोंद. अगदी आपल्या जुन्या वाचनालयासारखी!

‘‘फोनवरचं कुणाला असं वाचायला-बघायला देता येत नाही ना मावशी,’’ तो म्हणाला.

एक खोकं मीही मागून घेतलं. त्यानं वही पुढे केली. मी मुकाट्यानं सही केली.

‘‘पुढच्या नाटकाला येताना परत आण हं,’’ भाच्यानं बजावलं.

ताईच्या कपबश्या अजून स्वयंपाकघरातल्या माळ्यावरच आहेत.