सरासरी ३०० ची, पण ३०० चं बिल कोणाचंच नाही!

व्हिडिओत फळ्यावर आकडे भराभर लिहिले, म्हणून इथे निवांत मांडतो.

खाप्यातल्या माझ्या किराणा दुकानात मी एकदा बिलांची सरासरी काढली. आली ३००. लगेच बोर्ड लावला: ३५० च्या वर खरेदी, २० रुपये सूट. सूट दणक्यात गेली, विक्री होती तिथंच. काऊन? उत्तर बिलबुकातच होतं.

नमुन्याला १५ बिलं घेऊ, दहाच्या पटीत. शेकडा म्हणजे खोड, दहाचा आकडा म्हणजे पान. १ | २ म्हणजे १२० रुपये.

० | ४ ६ ६ ८
१ | १ २ २ ३ ५ ६ ८
२ |
३ |
४ |
५ |
६ |
७ | ८ ९
८ | ४ ८

बेरीज ४५००, सरासरी बरोबर ३००. आणि ३ च्या खोडावर एकही पान नाही! लहानापासून मोजत मधलं, म्हणजे आठवं बिल बघा: १३०. माझ्या क्लासमध्ये पुष्कळ जण रिकामी खोडं लिहीतच नाहीत. जागा वाचते, पण खरी बातमी त्या मोकळ्या जागेतच असते.

इथे दोन गिऱ्हाइकं आहेत. वरचं रोजचं तेल-मीठ नेणारं. खालचं पगार झाला की महिन्याचा किराणा भरणारं. गुमगावची मँगनीज खाण जवळच आहे, पगाराची तारीख आपल्यालाही पाठ असते. माझी सूट खालच्या चौघांनी नेली, ते तसंही ८०० चं घेणारच होते. वरच्याला १२० वरून ३५० वर कोण नेणार बाप्पा?

आता १५०, १६०, १८० ही पानं बघा. २०० ला टेकलीच आहेत. एक साबण, एक चहापुडा. म्हणून बोर्डावरचा आकडा २०० केला अन् सूट ५ रुपये. मोठ्या बिलांना सूट नाही, सामान घरपोच.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे ही पद्धत खूप पसरली. कागद-पेन्सिल पुरते, आणि स्तंभालेखात हरवणारे सुटे आकडे इथे दिसत राहतात. मात्र महिन्याची सगळी बिलं एकदम घेऊ नका, पानांची रांग वहीबाहेर जाते. एक दिवस घ्या, पगाराच्या आठवड्यातला एक वेगळा घ्या. उधारीची बिलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं लिहा.