छोट्या विमानाचा टॅकोमीटर : पारखून घ्यावा, तपासून वापरावा

इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, हे टॅकोमीटर सांगतो. सेस्ना १७२ एस विमानाच्या लायकमिंग इंजिनाची मर्यादा २७०० फेऱ्यांची आहे. केबलवर चालणारा टॅकोमीटर जुना झाला की पुष्कळदा कमी आकडा दाखवतो. वैमानिक निर्धास्त असतो आणि इंजिन मर्यादा ओलांडते. म्हणून पंख्याकडे रोखलेल्या ऑप्टिकल यंत्राशी आकडा ताडून पाहावा. पाती दोन की तीन, ते यंत्रावर आधी ठरवावे. ट्यूबलाइटच्या उजेडात हे यंत्र फसते.

खरेदी करताना तासांची नोंद कोणत्या वेगाला घड्याळाशी जुळते, ते पाहावे. भलत्याच वेगाचा टॅकोमीटर बसवला तर देखभालीचा सारा हिशेब चुकतो. आम्ही तर म्हणू, निव्वळ स्वस्ताईवर जाऊ नये. त्या विमानासाठी मंजूर असलेलाच घ्यावा.