फोन सॅकमध्येच होता, तरी बॅटरी कशी संपली?

आजचा विषय फोनच्या बॅटरीचा, पण सुरुवात आपण डोंगरापासून करू. ट्रेकहून परतलेल्या माणसांची एक तक्रार आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. ‘फोन हातातसुद्धा घेतला नाही हो, तरी दुपारीच बॅटरी खलास!’ आणि नेमकी संध्याकाळी वाट चुकते. ११२ लावायचा, तर फोन बंद. मग न वापरलेल्या फोनची बॅटरी खाल्ली कुणी?

रेंजने. म्हणजे रेंज नसण्याने. बघा, फोन हा मुळात एक छोटा रेडिओ आहे, ऐकणारा आणि बोलणारासुद्धा. टॉवर जवळ असला की तो हळू बोलतो. टॉवर लांब गेला की आवाज चढवतो, म्हणजे सिग्नल पाठवायला जास्त शक्ती लावतो. आणि टॉवर सापडलाच नाही तर शोधतच राहतो. स्क्रीन बंद असली तरी हे काम चालूच. दोन सिम असतील तर शोधणारेही दोन!

म्हणून दरीत उतरताना एअरप्लेन मोड लावायचा. पुष्कळांना वाटतं, मग नकाशाही बंद पडेल. तसं होत नाही. जीपीएस उपग्रहांचं फक्त ऐकतं, त्यांना पाठवत काही नाही. त्यामुळे हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये या मोडवरही आपण कुठे आहोत ते कळतं. मात्र त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून न्यायला हवा. मोकळ्या माथ्यावर आलो की मोड काढायचा, घरी मेसेज टाकायचा, परत लावायचा. अर्थात मधल्या वेळात आपल्याला कुणाचा फोन लागणार नाही, म्हणून या वेळा घरच्यांना आधीच सांगून ठेवायच्या. हे विसरलात तर बॅटरी वाचेल, पण घरच्यांच्या जिवाला घोर लागेल.

शहरातही हेच घडतं, फक्त सौम्यपणे. घरात ५जी सारखं येत-जात असेल तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी निवडून बघा.

आता स्क्रीन. ब्राइटनेस कमी करणं, स्क्रीन तीस सेकंदांत बंद होऊ देणं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डार्क मोडबद्दल मात्र गैरसमज फार. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओएलईडी स्क्रीनच्या फोनवर मोजमाप केलं. ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के शक्ती वाचली. पण ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत अवघी ३ ते ९ टक्के! एलसीडी स्क्रीन असेल तर तेवढीही नाही, कारण तिथे मागचा दिवा काळ्या चित्रामागेही जळतच असतो.

आणि ती एक सवय, सगळी ॲप बोटाने सरकवून बंद करायची. आम्हीही करायचो, खोटं कशाला बोला. बाजूला पडलेलं ॲप बहुतेकदा निपचितच असतं. ते काढून टाकलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यालाच जास्त शक्ती लागते. त्यापेक्षा सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा. कोणतं ॲप किती खातंय ते तिथे लिहिलेलं असतं. जे न वापरता खातंय, त्याचं लोकेशन ‘फक्त वापरताना’वर आणायचं आणि मागे चालण्याची परवानगी काढायची. औषधाच्या वेळेची आठवण करणारं ॲप मात्र यातून वगळा. आई-वडिलांच्या फोनवर बॅटरी सेव्हर लावून देताना हे जरूर तपासा, कारण तो मागे चालणाऱ्या ॲपना आवरतो, आणि गोळीची आठवण उशिरा येऊ शकते किंवा येतच नाही.

मागून प्रश्न आलाय, रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर चालतं का? फोन भरल्यावर चार्जिंग स्वतःच थांबवतो, त्यामुळे स्फोटबिट होईल अशी धास्ती नको. पण लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र मानवत नाहीत, तिचं आयुष्य घटतं. ८० टक्क्यांवर थांबण्याचं सेटिंग असेल तर रोज ते चालू ठेवा, आणि ट्रेकच्या आदल्या रात्री काढा. फोन उशीखाली तेवढा ठेवू नका.