नाटक मंडळीचा मुक्काम

एखादी संगीत नाटक मंडळी मुक्कामाला येणार असली, म्हणजे गावात तिच्या आधी तिची जाहिरात पोहोचत असे. कोणती नाटके होणार, कोणत्या वारी होणार, प्रमुख भूमिका कोणाच्या आणि तिकिटाचे दर काय, एवढाच मजकूर. परंतु तो नीट वाचला, तर मंडळीचा सारा संसार कसा चालत असे, हे त्यातून उलगडते.

मंडळी एकच नाटक घेऊन का येत नसे? याचे उत्तर हिशेबात आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे यांसारख्या शहरांत नाटकाला येणारा वर्ग मर्यादित होता. थोड्याच प्रयोगांत एखादे नाटक बहुतेकांचे पाहून होई. उलट पडदे, पोशाखांच्या पेट्या, वाद्ये आणि नटांपासून आचाऱ्यापर्यंतचे सगळे बिऱ्हाड हलविण्याचा खर्च मोठा असे. तो भरून यायचा, तर मुक्काम काही आठवडे तरी टिकला पाहिजे. आणि मुक्काम टिकायचा, तर पाठ असलेली, पोशाखासह सिद्ध अशी अनेक नाटके हाताशी हवीत. हंगामाची यादी ही हौस नव्हती, ती गरज होती.

या यादीत जुन्या नाटकांचा मान मोठा. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली ‘सौभद्र’. सुभद्रेचा विवाह अखेर अर्जुनाशीच होणार, हे प्रेक्षकांस ठाऊक असे. तरीही ते पुनःपुन्हा येत, कारण कथा तीच असली तरी गाणे रोज नवे असे. नट त्या रात्री पद कसे खुलवितो, हे ऐकण्यासाठी तिकीट काढले जाई. म्हणून ‘सौभद्र’ म्हणजे मंडळीची ठेव. या ठेवीच्या व्याजावर नव्या नाटकाचा धोका पत्करता येत असे.

तो धोका लहान नव्हता. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने इंदुरास केला. द्रव्यलोभी बाप आपली कोवळी मुलगी एका वृद्धास देऊ पाहतो, हा त्याचा विषय. प्रेक्षकांतच असे बाप आणि असे वर बसलेले असणे अशक्य नव्हते. देवादिकांच्या कथा सोडून त्यांच्याच घरचे दुःख त्यांच्यापुढे मांडायचे, हे मोठे साहस होते.

त्याहून कठीण प्रसंग बडोद्यास आला. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ साली स्थापिलेल्या गंधर्व नाटक मंडळीस सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘स्वयंवर’ अशी लोकप्रिय नाटके मंडळीपाशी होती. अशा वेळी, फेब्रुवारी १९१९ मध्ये, तिने राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यात प्रथम सादर केले. गडकरी २३ जानेवारीस निवर्तले होते. कोठे काही अडले, तर विचारायला नाटककारच उरला नव्हता. शिवाय बालगंधर्वांना भरजरी शालूत पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील सिंधू फाटक्या लुगड्यात उभी राहायची होती. बोडस सुधाकर झाले होते. प्रेक्षकांनी हे नाटक स्वीकारले, आणि पुढे ते मंडळीच्या यादीतील हुकमी नाटक ठरले. कालचा धोका असा उद्याची ठेव होतो.

नाटकाची ओळख करून देण्याचे काम हस्तपत्रकावर संपत नसे. पडदा वर गेल्यावर नांदी होई. मग सूत्रधार येई, नटीशी बोलता बोलता आज कोणते नाटक आहे आणि कवी कोण, हे सांगे. पाहुण्यास घरात घेण्यापूर्वी उंबरठ्यावर त्याचे नाव सांगावे, तशी ही रीत. ज्याला जाहिरात वाचता येत नसे, त्यालाही आपण काय पाहणार आहोत, हे तेथे कळे.

१९३१ नंतर बोलपट आले. एका चित्रपटाच्या प्रती एकाच दिवशी अनेक गावी दाखविता येत. त्यांना ना बिऱ्हाड, ना पंगत. मोठमोठ्या मंडळ्यांचे मुक्काम मग एकामागून एक उठले. तरीही आज एखादी नाट्यसंस्था आपल्या आगामी नाटकांची यादी प्रसिद्ध करते, तेव्हा तिचा हिशेब तोच असतो: ओळखीच्या नाटकाने घर भरावे आणि त्या बळावर अनोळखी नाटक उभे राहावे. यादी वाचणाऱ्याने ओळखीच्या नावापाशीच थांबू नये. ‘सौभद्र’ पाहून परतलेल्या इंदूरकरांनी ‘शारदा’चे तिकीट काढले नसते, तर पुढच्या पिढ्यांना जुने म्हणून जपण्यास ‘शारदा’ उरलीच नसती.